‘आमेन’ टाइप झालं, प्रार्थना राहिली: एका मंडळीतलं प्रकरण

शनिवारची संध्याकाळ, कपिलतीर्थ मंडई. दादा मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी कोपर धरलं. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्याच, म्हणजे चर्चमधल्याच, एक आजी.

‘बाळा, देवानं तुझी हाक ऐकली बघ. पोरगं काल घरला आलं.’

कोणतं पोरगं, हे दादांना क्षणभर उमगेना. मग आठवलं. दहा-बारा दिवसांपूर्वी आजींच्या सुनेनं मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं होतं, नातवाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा. दादांचं उत्तर अर्ध्या मिनिटात गेलं होतं: ‘नक्कीच. आम्ही प्रार्थनेत आहोत. आमेन.’ पुढं जोडलेल्या हातांची तीन चित्रं. प्रार्थना मात्र त्यांनी केलीच नव्हती. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. विसरले असंही म्हणता येत नाही, कारण टाइप केल्यावर ते काम उरकल्यासारखंच त्यांना वाटलं होतं.

‘देवाची कृपा, आजी,’ असं म्हणून त्यांनी ते आभार पदरात घेतले, मेथी घेतली आणि घरी आले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सोमवारी ड्यूटी सुटल्यावर ते माझ्याकडे आले.

मी निवृत्त शिक्षक. आमच्या मंडळीत गेली बरीच वर्षं बुधवारचा अभ्यासवर्ग घेतो, आणि कुणाचं काही अडलं तर लोक येऊन बसतात. हे प्रकरण त्यांच्या संमतीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नाव देत नाही. तरुण संघातली पोरं त्यांना ‘दादा’ म्हणतात, तेच इथं चालवू.

दादा चव्वेचाळीस वर्षांचे. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला. मंडळीत सहा वर्षं ‘वडील’, म्हणजे कारभार बघणारा पंच (एल्डर), म्हणून सेवा. घराणं चौथ्या पिढीचं ख्रिस्ती. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्या कामातून पुढं ज्या घरांत विश्वास आला त्यांपैकी हे एक. अशा घरात ख्रिस्ती असणं सोपं असतं आणि अवघडही. उपासना, गायनसंघ, कापणीचा सण हे सगळं जन्मापासून अंगवळणी पडलेलं. दादांना सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. आमच्या व्याख्यानांत ‘जागृत राहा’ म्हटलं की पुढं दारू, मटका, वाईट संगत एवढंच येतं. त्या यादीवर दादा कुठंच सापडत नाहीत, आणि म्हणूनच त्यांना कुणी कधी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना फक्त सकाळ सांगायला लावली. मिनिटागणिक.

पाचला उठतात. तोंड धुऊन खुर्चीत बसतात. बायबल उघडतात, पण मोबाइलवर, कारण तिथून वचन कॉपी करता येतं. मग ‘आजचे वचन’ तयार करायचं. रंकाळ्यावरच्या सूर्योदयाचा फोटो, त्यावर पिवळी अक्षरं, अक्षरांना मागून काळी सावली. अक्षरांचा आकार दोन-तीनदा बदलायचा. वचन लांब असेल तर दुसरं शोधायचं, कारण चार ओळींच्या वर लोक वाचत नाहीत. पाच चाळीसला अकरा ग्रुपवर पाठवायचं. मग चहा, आणि चहाबरोबर कुणी बघितलं, कुणी अंगठा दिला ते बघायचं. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, उत्तर दिलं की दिवस चांगला जातो.

‘म्हणजे सकाळची चाळीस मिनिटं मी वचनात असतो, सर,’ ते म्हणाले.

खोटं नव्हतं. वचनातच असायचे. फक्त घाऊक बाजारात आलेला दुकानदार माल बघतो तसे. हे गिऱ्हाइकाला आवडेल, हे नाही. स्वतःच्या घरी काय न्यायचं, हा विचारच मनात नाही.

दुष्ट असं यात काही नाही, म्हणूनच हे इतकं तपशिलानं सांगतोय. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात, येशू घरी आला असताना मार्था नावाच्या बाईची कामामुळं तारांबळ झाली असं आपण वाचतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ आहे चहूकडून ओढलं जाणं. तिला ओढणारं काय होतं? तिच्या घरी आलेल्या प्रभूचंच आदरातिथ्य. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रिअस नावाच्या साधूनं मनाला भुलवणाऱ्या विचारांचे आठ प्रकार सांगितले. त्यातल्या एकाचं वर्णन करताना तो म्हणतो की दुपारच्या वेळी साधूला आपली खोली नकोशी होते, दिवस पन्नास तासांचा वाटतो, आणि मग मन सुचवतं, ऊठ, आजाऱ्याला भेटून ये. आजाऱ्याला भेटणं हे ख्रिस्ताच्याच शिकवणीतलं काम! पण तो माणूस आजाऱ्याकडं निघालेला नसतो, खोलीतून पळालेला असतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या माणसानं आमच्या दादांची नस अशी पकडलेली. दादा कशातून पळत होते, हे मला मात्र पुढं चार-पाच महिने कळलं नाही.

कारण पहिला उपाय मी चुकीचा दिला.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तोंडावर होता. मी म्हटलं, चाळीस दिवस व्हॉट्सअ‍ॅप बंद. ग्रुप तरुण संघातल्या कुणाकडं तरी सोपवा. दादांनी त्याच रात्री अ‍ॅप काढून टाकलं. असा आज्ञाधारक माणूस मिळाला की सल्ला देणाऱ्याला आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं.

पंधरा दिवसांत चर्चच्या कंपाउंड भिंतीचं काम निघालं. दादांनी ते अंगावर घेतलं. तीन ठिकाणची कोटेशनं, सिमेंटची बिलं, गवंड्याशी वाद. सकाळी पाचला उठून आता ते वहीत हिशेब मांडायचे. गुड फ्रायडेला दुपारी तीन तासांची उपासना असते, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. ते तिन्ही तास दादा बाहेर होते. मांडवाची दोरी, माइकची वायर, सरबताचे पेले. मी आत बसून खिडकीतून बघत होतो. पाचव्या उद्गाराला, ‘मला तहान लागली आहे’, दादा बाहेर जारमधलं पाणी मोजत होते.

मी मोबाइल धरला होता, माणूस सुटला होता.

ईस्टरनंतर ते आले तेव्हा जरा घुश्शात होते. म्हणाले, ‘सर, चाळीस दिवस त्या पोरानं वचन टाकलं. कधी आठला टाकलं, कधी दुपारी. दोन दिवस टाकलंच नाही. कुणी काही विचारलं नाही मला. कुणाला काही फरकच पडला नाही.’ हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज खाली आला होता. मी गप्प राहिलो. त्या दिवशी मी केलेलं एकमेव शहाणपण तेवढंच असावं.

पुढची वाट दादांच्याच टेबलावर सापडली. त्यांच्या घरी गेलो होतो. कागद उडू नयेत म्हणून त्यांनी टेबलावर लोखंडाचा एक तुकडा ठेवलेला असतो, कापलेल्या कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या भागाचा. वरून पाठ गुळगुळीत. कापलेल्या बाजूला, पाठीच्या जरा खाली, ज्वारीच्या दाण्याएवढी एक पोकळी. आतून चकचकीत.

‘हे काय?’

‘ब्लो-होल. आमचं रिजेक्शन,’ दादा म्हणाले आणि खुलले. आपल्या कामाबद्दल बोलताना माणूस वेगळाच दिसतो. साच्याच्या वाळूत सिलिका, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी असतं. पाणी साधारण तीन ते चार टक्के लागतं. ते थोडं वाढलं तरी साचा बघून काही कळत नाही, कडा सुबक येतात. मग चौदाशे अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस आत पडतो, त्या जादा ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते. वर कातडी जमून जाते. कास्टिंग झाडून, घासून, रंग लावून गिऱ्हाइकाकडं जातं. तिथं मशिनवर पहिला काप बसला की भोक उघडं.

‘मग तुम्ही काय करता?’

‘कास्टिंग बघून काय उपयोग, सर? ते होऊन गेलेलं असतं. आम्ही वाळू बघतो. तासातासाला. लॅबचा पोरगा मूठभर वाळू घेतो, ओलावा काढतो, वाफ बाहेर जायला वाट आहे का ते बघतो, रजिस्टरला मांडतो. पाच मिनिटांचं काम.’

मी त्या तुकड्याकडं बघत राहिलो. मंडईत आजींनी कोपर धरलं, तो मशिनचा पहिला काप. आणि आम्ही दोघं चार महिने कास्टिंगच घासत बसलो होतो.

ठरलं ते असं. खिशात मावेल अशी एक वही. दिवसातून तीनदा, पहाटे, जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री, एकच ओळ: आत्ता मन कुठं होतं, आणि त्याच्या आधी काय झालं. पापांची यादी नाही, पश्चात्तापाची भाषा नाही, नुसतं रीडिंग. आणि दुसरं, ‘प्रार्थना करतो’ हे शब्द लिहायच्या किंवा बोलायच्या आधी तिथंच, उभ्या उभ्या, प्रार्थना करून घ्यायची. मग लिहायचं. वेळ नसेल तर लिहायचंच नाही.

दुसऱ्या नियमानं पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. दादांची उत्तरं निम्म्यावर आली. ‘सर, मी किती जणांना शब्द देऊन बसत होतो!’ हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

वहीचं मात्र एकदा बिघडलं. एका दिवशी चौदा नोंदी! मशिनसमोर उभं राहून हा माणूस स्वतःचं मन तपासतोय. मी रागावलो. जागृत राहणं म्हणजे आपल्याच नाडीवर बोट ठेवून बसणं नव्हे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू शिष्यांना म्हणाला ते ‘माझ्याबरोबर जागे राहा’ असं, ‘स्वतःवर पहारा ठेवा’ असं नाही. स्वतःकडं टक लावून बसणं ही विचलित होण्याची सगळ्यात सोवळी जात आहे, आणि शिकलेल्या, हळव्या विश्वासणाऱ्यांत ती मी पुष्कळ बघितली आहे. तीनच नोंदी, चौथी केलीत तर वही परत घेईन, असं मी सांगितलं.

तीन आठवड्यांनी वही घेऊन बसलो. जेवणाच्या सुट्टीतल्या नोंदी बऱ्या होत्या, रात्रीच्या कंटाळलेल्या. पहाटेच्या रकान्यात मात्र एकच गोष्ट, रोज: ‘बसलो. मग काहीतरी काम काढलं.’ कधी ग्रुप, कधी हिशेब, एकदा तर पाण्याची मोटर दुरुस्त केली होती.

मी विचारलं, ‘हे पाचला उठून वचन पाठवणं सुरू कधी केलंत?’

‘एकवीस साली. जूनमध्ये.’

‘त्याआधी पाचला काय असायचं घरात?’

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘अप्पा असायचे.’

दादांचे वडील २०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. शेवटचं दर्शनही धड झालं नाही. अप्पा रोज पाचला त्या खुर्चीत बसून मोठ्यानं प्रार्थना करायचे. घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायचे, मग गल्लीतल्यांचं, मग मंडळीतल्यांचं. दादा लहानपणापासून त्या आवाजावर जागे झालेले. अप्पा गेल्यावर पाचला जाग यायचीच, आणि घर शांत. ती शांतता खायला उठायची. महिन्याभरात ‘आजचे वचन’ सुरू झालं. त्याच खुर्चीत, त्याच वेळेला.

गेथशेमानेची गोष्ट चारांपैकी तीन शुभवर्तमानांत आहे, पण शिष्य का झोपले याचं कारण एकटा लूक सांगतो: दुःखामुळं. आळस म्हणून नाही, बेफिकिरी म्हणून नाही. वैद्य होता तो, त्याला ते दिसलं असावं, असं आपलं मला वाटतं. दादा त्या अर्थानं तीन-चार वर्षं झोपलेले होते, पहाटे पाचला उठून.

यानंतर मी त्यांना काही नवीन उपाय दिला नाही. एवढंच म्हटलं, पाचला बसा, आणि अप्पांची आठवण आली तर येऊ द्या. देवाशी बोलायला दुसरं काही सुचलं नाही तर तेच बोला. पहिल्या सकाळी ते रडले, हे वहिनींनी सांगितलं, त्यांनी नाही.

पावसाळा आला. कोल्हापुरात जुलैला माणसं घड्याळाआधी पंचगंगेची पातळी बघतात. राजाराम बंधाऱ्यापाशी एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. मधले चार फूट म्हणजे भांडी माळ्यावर, जनावरं वर, कागदपत्रं पिशवीत. बुधवारच्या वर्गात इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय चालला होता, ऐकलेल्या गोष्टींकडं लक्ष न दिल्यास आपण वाहवत जाऊ, हा भाग. कुणीतरी म्हणालं, वाहून गेल्यावर कळून काय उपयोग, आपली आपली इशारा पातळी कळली पाहिजे. सगळे गंभीर झाले.

वहिनी मागच्या रांगेतून म्हणाल्या, ‘ह्यांची मला ठाऊक आहे. “एक मिनिट” म्हणाले की एकोणचाळीस.’

वर्ग हसला. दादाही हसले, पण कानाची पाळी लाल झाली. पोरीनं हाक मारली की ‘एक मिनिट’. ताट वाढलं की ‘एक मिनिट’. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला सगळे बसले की ‘एक मिनिट’. वहीच्या नोंदींतून आम्हाला जे तीन आठवड्यांत कळलं नव्हतं, ते त्या माउलीला कधीचं माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. अशा प्रकरणात घरच्या माणसाला पहिल्या दिवशी विचारावं, हे मी माझ्यापुरतं लिहून ठेवलं आहे. आता घरात कुणी तो शब्द उच्चारला की धाकटी ओरडते, ‘पाणी चढलं!’

प्रकरण मिटलं असं मी म्हणणार नाही. वहीत कोरी पानं आहेत. वचन पाठवायचं काम दादांनी परत घेतलेलं नाही, पण त्या पोराला रात्री आठवण करून देतात, आणि ती आठवण करून देणं हेही काय आहे ते आम्हा दोघांना कळतं. पहाटेचा अर्धा तास कधी लागतो, कधी नाही.

एक गोष्ट राहिली होती. आजी.

पाण्यानं इशारा पातळी ओलांडली त्या दिवशी नदीकडच्या गल्ल्यांतली घरं हलवायला आमची पोरं गेली होती. दादाही गेले. आजींचं सामान बाहेर काढून झालं होतं, टेम्पो यायचा होता, आणि आजी रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या ट्रंकेवर डोक्यावर पोतं घेऊन बसल्या होत्या. दादा शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘आजी, नातवाच्या ऑपरेशनच्या वेळी मी प्रार्थना केली नव्हती. नुसतं लिहिलं होतं. मंडईत तुम्ही आभार मानलेत, ते मी तसेच घेतले.’

आजींनी त्यांच्याकडं जरा वेळ बघितलं.

‘मग आता कर की,’ त्या म्हणाल्या. ‘टेम्पो येस्तोवर काय करतोयस? पोराचं पोट अजून दुखतंय अधनंमधनं.’

दादांनी डोळे मिटले. प्रार्थना निम्मी झाली असेल नसेल, खिशातला फोन वाजला. टेम्पोवालाच होता. हात खिशाकडं गेला तसं आजींनी डोळे न उघडता त्यांचं मनगट धरलं. फोन वाजून वाजून थांबला. कोपऱ्यावर टेम्पो हॉर्न देत उभा राहिला, आणि दादा अजून नातवाच्या नावापाशीच होते.